षष्ठीआधीचं भरीत

आमखेड्याच्या वेशीवर चुन्याने दोन ओळी रंगवल्या होत्या. पहिली, 'या गावात चोरी होत नाही.' दुसरी, 'या गावात भेदभाव पाळला जात नाही.' सरपंच चुडामणआबांनी जातीने उभं राहून त्या लिहून घेतल्या, कारण 'आदर्श गाव' स्पर्धेचे साहेब चंपाषष्ठीला जळगावहून येणार होते. चुना नीट वाळायच्या आत गावात चोरी झाली. दुसऱ्या ओळीचं काय झालं ते पुढे येईलच.

चोरी सोन्यानाण्याची नव्हती, वांग्यांची होती. हसू नका. सहासष्ट सालची गोष्ट आहे ही. तेव्हा फैजपूरकडचं सगळं रान केळीत गेलं होतं आणि आमखेड्यात औषधाला म्हटलं तरी वांगं मिळत नव्हतं. त्यातच कुणीतरी आबांच्या कानात सांगितलं की साहेबांना भरताची फार आवड. झालं! पंचायतीच्या विहिरीजवळ 'आदर्श मळा' उभा राहिला. भरताची ती पांढुरकी-हिरवी, हाताच्या पंजाएवढी वांगी लोंबू लागली, आणि राखणीला पंचायतीच्या पगारावर वेशीबाहेरच्या नव्या वस्तीतल्या चिंधाला नेमलं. त्याला एक काठी मिळाली आणि एक पितळी शिट्टी. शिट्टी फुंकली की पार केळीच्या बागांपर्यंत ऐकू जायची.

चंपाषष्ठीचाच मुहूर्त का, तर चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडलेली माणसं त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मगच तोंडात घालतात. चुडामणआबांचं हे व्रत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. ठाऊक नसून करतील काय? आबा दर चौथ्या वाक्याला सांगत.

पंचमीच्या सकाळी मळ्यातली वांगी गायब झालेली दिसली. नुसती झाडं उभी होती, मुंडण झालेल्या मुलासारखी.

कुसुमलता तिथे पोचली तेव्हा पंचनामा सुरू झाला होता. ही पुखराजशेठ किराणावाल्यांची मुलगी, सातवीत शिकणारी. तिच्याबरोबर तिचे दोन दोस्त होते. अभिमन हा शालिग्राम गुरुजींचा मुलगा, आणि आधार हा त्याच चिंधाचा. तिघांचं मिळून 'आमखेडे गुप्त तपास मंडळ' होतं. अभिमनकडे आजोबांच्या चष्म्याची फुटकी काच होती, म्हणून तो अध्यक्ष. आधारला बापाची शिट्टी अधूनमधून वाजवायला मिळायची, म्हणून तो चिटणीस. कुसुमकडे दुकानातले शेंगदाणे आणायचं काम होतं. मंडळाने आजवर एक हरवलेली शेळी शोधली होती, आणि तीसुद्धा आपली आपण घरी आली होती.

मळ्यात चिंधा हात जोडून उभा होता. "आबा, काल संध्याकाळी तुमीच त मले पताका आनाले फैजपूरले धाडलं."

"धाडलं," आबा म्हणाले, "पन वांगे उघडे टाकून जाय, असं म्हनलं का मी?"

शालिग्राम गुरुजींनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'रखवालदार जागेवर गैरहजर.'

फैजपूरच्या पोलीस चौकीचा मोतीलाल जमादारही तिथे होता. हा धुळ्याकडचा माणूस, सोनगीरचा, आणि त्याला त्याचा फार अभिमान. मिशी पिळत तो म्हणाला, "माले बठ्ठं कयस. राखनारा हाऊच खानारा शे." म्हणजे त्याला सगळं कळतं, आणि राखणारा हाच खाणारा आहे. झाली चौकशी! मग त्याने आबांना बाजूला घेऊन सल्ला दिला. गावात चोरी झाली तर स्पर्धेचे गुण जातील हे खरं, पण चोर लगेच धरला तर गेलेले गुण परत मिळतील. आबांचा चेहरा खुलला. चिंधाला साहेबांसमोर उभं करायचं ठरलं. कार्यक्रमपत्रिकेत तशी जागाही काढली, स्वागतगीतानंतर आणि हारतुऱ्यांच्या आधी.

तोवर चिंधाला पंचायतीच्या खोलीत कोंडायचं होतं. पण कुलूप कुठून आणायचं? चोरी न होणाऱ्या गावच्या पंचायतीला कुलूपच नव्हतं. शेवटी पुखराजशेठच्या दुकानातून एक नवंकोरं कुलूप आणलं. चिंधाच्या गळ्यातली शिट्टी जमादाराने काढून घेतली नाही, कारण ती पंचायतीची आहे हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

जाता जाता आबा कुसुमजवळ थांबले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, ज्यानं हे पाप केलं, त्याचं खंडेराया भलं नही करनार."

आणि कुसुमचं नाक फेंदारलं.

तिच्या नाकाबद्दल सांगायला हवं. पुखराजशेठांच्या घरी, जैन रीतीप्रमाणे, लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. तुमच्या-आमच्या नाकाला लसणाचा वास म्हणजे स्वयंपाकघर. कुसुमला तो रस्त्याच्या पलीकडूनही यायचा. आणि तो आत्ता आला होता, आबांच्या तोंडातून. चातुर्मासात लसणाला शिवत नाही असं दर चौथ्या वाक्याला सांगणाऱ्या आबांच्या तोंडातून!

मंडळाची बैठक दुकानामागे, तुरीच्या पोत्यांवर बसली.

"पायाचे ठसे घ्यावे लागतील," अभिमन काच डोळ्याला लावून म्हणाला.

"कोनाचे घेशील?" आधार चिडला. "सारं गाव नाचलं तिथी."

अभिमनने तरी पाहणी केली. त्याला विडीचं एक थोटूक सापडलं. ते मोठ्या थाटात त्याने कागदात गुंडाळलं, आणि मग आधारने दाखवून दिलं की तसली थोटकं जमादार दर दहा पावलांवर टाकतो. नंतर अध्यक्षांना माकडांचा संशय आला. माकडांनी वांगी नेली आणि एकसुद्धा अर्धवट खाऊन टाकलं नाही, हे मात्र त्यांना पटवता येईना.

एकाएकी आधार म्हणाला, "बाचं काम गेलं न, त मले शाळा सोडा लागीन. मालगाडीच्या वाघिणीत केळीचे घड भराले जा लागीन. अन् लोक म्हनतीन, चोराचं पोर हाये."

त्यानंतर अभिमनने काच खिशात ठेवली.

कुसुमला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. ती म्हणाली, "मला एक सांगा, तक्रार लिहायच्या आधी जमादार मळ्यात कसा पोचला? फैजपूर काय परसात आहे?" दोघांनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तिने लसणाचं सांगितलं. शेंगदाणे आणणाऱ्या सभासदाकडे मंडळाने पहिल्यांदाच नीट लक्ष दिलं.

दुपारी तिच्या आईने, प्रेमकुंवरबाईने, तिला द्रौपदाअक्काकडे पाठवलं. अक्काची वाटी घरी राहिली होती ती परत द्यायची होती. प्रेमकुंवरबाईने तिच्यात शेव भरून दिली. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मारवाड्याचं घर असो नाहीतर पाटलाचं, शत्रूचं भांडं असलं तरी त्यात चिमूटभर साखर घालूनच ते परत जातं.

द्रौपदाअक्का गावात सगळ्यात म्हातारी, एकटी राहणारी. तिच्याकडे गावातली सगळ्यात मोठी बडगी होती. बडगी म्हणजे लाकूड कोरून केलेलं लांबट, खोलगट भांडं. भाजलेली वांगी, मिरच्या, लसूण तिच्यात घालून लाकडी मुसळीने ठेचायचं, तेव्हा कुठे भरीत होतं. भरताच्या प्रत्येक पार्टीला अक्काची बडगी लागायची, आणि अक्काचा नियम असा की बडगी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी परत आलीच पाहिजे. नाही आली तर पुन्हा नाव काढायचं नाही.

कुसुमने उंबऱ्यात पाय टाकला आणि तिथेच थबकली. पुन्हा लसूण!

"अक्का, तुम्ही भरीत केलंत?"

"मी?" अक्का उसळली. "षष्ठी झाली नही अन् मी भरीत खाऊ? पाप नही लागनार का मले? ते पाय, ताटलीखाली झाकेल हाये. आज सकाळी बडगीसंगं आलं."

बडगी भिंतीशी टेकून वाळत होती. कुसुमने ताटली उचलली. खाली भरताचा गोळा होता, वर तेलाचा तवंग, शेंगदाणे, कोथिंबीर. सगळं कसं साग्रसंगीत.

"कुणी पाठवलं?"

"चुडामनच्या बायकोनं, रुक्मानं. बडगी काल नेली होती. म्हने, साहेब येनार हायेत, धुऊन तेल लावून ठेवतो. अन् आज गोळा घालून परत आनली! मी म्हनलं, व्रत व्रत करू राह्यला चुडामन, अन् घरात चवथीलेच भरीत? पन मोठ्याच्या घरचं आपन कायले बोला?"

आबांच्या शेतात केळीशिवाय काही पिकत नव्हतं. साऱ्या गावात वांगी फक्त पंचायतीच्या मळ्यात होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं! आणि चोरी कशी पकडली गेली, तर रीतीने. चिंधाला कोंडताना ज्या घराला काही वाटलं नाही, त्या घराला अक्काची बडगी रिकामी परत करवली नाही.

"अक्का, चिंधाभाऊला वांग्यांच्या चोरीसाठी कोंडलंय. ठाऊक आहे तुम्हाला?"

अक्काला ठाऊक नव्हतं. तिला कुणी काही सांगायला येत नसे, लोक फक्त बडगी न्यायला यायचे. "हे त्या वांग्याइचं हाये?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता देवाला हात जोडले.

एवढा पुरावा हाती आल्यावर कुसुमला वाटलं, आता काम फत्ते. मोठ्या माणसाला सांगायचं की संपलं. ती धावत दुकानात गेली आणि वडिलांना सगळं सांगितलं. पुखराजशेठ तराजूच्या पारड्यातली डाळ हाताने सारखी करत होते. ती सारखीच होती, तरी करत होते.

"चौथीला तेल आपल्याकडूनच गेलं," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तेल कशाला नेतात हे गिऱ्हाइकाला विचारत नाहीत, छोरी. आपल्याला या गावात दुकान चालवायचं आहे."

"पण कुलूपही आपल्याच दुकानातून गेलं, बापूजी."

पुखराजशेठ पुन्हा डाळ सारखी करू लागले. कुसुमला आपल्या वडिलांची लाज वाटली. आजवर कधी वाटली नव्हती, त्यामुळे ते दुखणं कुठे ठेवावं हेच तिला कळेना.

अभिमनचं तर आणखीच बिनसलं. तो घरी गेला, तर शालिग्राम गुरुजी, चातुर्मासाचे दुसरे कडकडीत व्रतस्थ, ओवा चघळत खाटेवर पडले होते. पोट बिघडलं होतं. "काय खाल्लंत बाबा?" असं त्याने विचारल्यावर गुरुजींनी त्याला सत्ताविसाचा पाढा म्हणायला लावला.

तिघं पुन्हा पोत्यांवर जमली. आता सांगायचं तरी कुणाला? सरपंचाने खाल्लं होतं, पंचनामा लिहिणाऱ्याने खाल्लं होतं, तपास करणाऱ्याची रात्र गावातच गेली होती म्हणजे त्यानेही खाल्लं होतं. ज्याने खाल्लं नव्हतं त्याने तेल विकलं होतं.

"उरला साहेब," आधार म्हणाला.

"तो पोरांचं ऐकेल?"

"पोरांचं नाही ऐकणार," कुसुम म्हणाली. "म्हातारीचं ऐकेल."

चंपाषष्ठीला साहेब आले. चांगला उंच, शिडशिडीत माणूस, आणि सकाळपासून दौऱ्यावर असल्याने भुकेलेला. बामणोदहून गाडी करून नवी वांगी आणली होती, वाळक्या काट्याकुट्या पेटवून ती भाजली होती, आणि अक्काच्या बडगीत भरीत तयार होतं. त्याचा वास मंडपभर पसरला होता. साहेबांचं लक्ष स्वागतगीतात नव्हतं.

आबा भाषणाला उभे राहिले. "या गावात चोरी होत नाही, साहेब. आणि चुकूनमाकून झालीच, तर चोर सुटत नाही." त्यांनी खूण केली. जमादार चिंधाला घेऊन आला. त्याची मान इतकी खाली होती की गळ्यातली शिट्टी पोटाशी लोंबत होती. मंडपाच्या टोकाला आधार आईचा पदर धरून उभा होता. बाकीचं गाव सतरंजीवर बसलं होतं. त्या दोघांना कुणी सतरंजीवर बोलावलं नाही. ती वेशीवरची दुसरी ओळ.

तेवढ्यात द्रौपदाअक्का आली. एका हातात काठी, दुसरा हात कुसुमच्या खांद्यावर. कुसुमच्या हातात झाकलेली ताटली होती.

"अक्का, बसा, बसा," आबा लगबगीने म्हणाले. "पंगत आताच..."

"बसाले नही आली मी," अक्का म्हणाली. "चुडामन, मह्या बडगीत तुह्या घरून हा गोळा आला होता. मी षष्ठीच्या आधी भरीत खात नही, तुले माहीत हाये. तूही खात नही म्हने. मंग हे तुहं तुले परत."

कुसुमने ताटली साहेबांच्या पुढ्यातच ठेवली आणि झाकण काढलं. दोन दिवसांच्या भरताने आपली ओळख आपणच करून दिली. साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

"कधीचं आहे हे?"

"चवथीच्या संध्याकाळचं."

"आणि वांगी चोरीला कधी गेली?" साहेबांनी गुरुजींच्या हातातल्या पंचनाम्याकडे पाहिलं. भुकेला असला तरी माणूस मठ्ठ नव्हता. "चतुर्थीच्याच संध्याकाळी ना?"

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगीच नाही. गुरुजी आपल्या अंगठ्याकडे बघू लागले, जमादाराने मिशी पुसली, जणू काही परवाचं अजून तिथेच लागलं होतं. आणि अभिमन उभा राहिला. त्याने ठरवून काही केलं नाही. त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"बाबा, तुम्हीपण होतात ना?"

गुरुजींनी मान हलवली. हो म्हणून. त्या सबंध खाणाऱ्या मंडळीत खरं बोललेले ते एकटेच, आणि तेही तोंडाने नाही.

आबांनी हात जोडले. "साहेब, त्याचं असं झालं... तुमच्यासाठी भरीत नीट जमतंय की नाही, त्याची आम्ही जरा रंगीत तालीम..."

"सगळ्या वांग्यांची?"

"तालीम चांगली झाली, साहेब."

आता जमादाराची पाळी होती. तो वाघासारखा पुढे झाला आणि त्याने कडक सलाम ठोकला. "साहेब! मुद्देमाल सापडना!"

त्याच्या सोनगीरच्या बोलीत 'सापडना' म्हणजे सापडला. सारा मंडप हसला. साहेबही हसले. हसू आवरल्यावर त्यांनी चिंधाला सोडायला सांगितलं आणि ताट वाढायला सांगितलं, आणि यातली दुसरी आज्ञा आधी पाळली गेली. गुरुजींनी नवा पंचनामा लिहिला. त्याप्रमाणे चोरी झालीच नव्हती, 'पूर्वतयारीची चाचणी' झाली होती. त्यामुळे वेशीवरची पहिली ओळ पुन्हा खरी ठरली. आमखेड्याला आदर्श गावाचं दुसरं बक्षीस मिळालं. आबांनी व्रताबद्दल बोलणं थोडं कमी केलं, म्हणजे दर आठव्या वाक्याला.

चिंधाला मात्र कुणी 'चुकलं बाबा आमचं' म्हणालं नाही. तेवढे तीन शब्द साऱ्या गावात मिळाले नाहीत. म्हणून की काय, रुक्माबाईने त्या संध्याकाळी त्याच्या घरी एक पितळी ताटली पाठवली, भरीत-पुऱ्यांनी भरलेली. आबांनी निरोपही दिला, "उद्यापासून मळ्यावर ये. पगार कापनार नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुम दुकानाच्या पायरीवर बसली होती. आधार नव्या वस्तीकडून येताना दिसला. अंगात शाळेचा सदरा, काखेत पाटी-दप्तर, आणि दोन्ही हातांत ती पितळी ताटली, वर स्वच्छ फडकं. तो आबांच्या घराकडे निघाला होता.

कुसुम पायरीवरून उठली. ताटलीत त्याच्या आईच्या हातच्या भाकरी असणार. रुक्माबाई त्या घेईल का? आणि घेतल्या तर गाईला घालेल की ताटात? तिला ते बघवणार नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवणारही नव्हतं. ती त्याच्या मागोमाग गेली.

ओट्यावर आबा आणि रुक्माबाई दोघं होते. रुक्माबाईने फडक्याकडे पाहिलं. तिचा हात पुढे आला, थांबला, पुन्हा पुढे आला. "कायले उगीच," ती पुटपुटली, "नुसती ताटली दिली असती तरी..."

आधारने स्वतःच फडकं काढलं. घासूनपुसून लख्ख केलेल्या ताटलीच्या मधोमध पंचायतीची पितळी शिट्टी ठेवली होती.

"बा सावद्याच्या टेसनावर गेला, वाघिणी भराले," तो म्हणाला. "मळ्यावर येनार नही. मी शाळेतच हाये." मग त्याने ताटली ओट्याच्या कडेला ठेवली. "बा म्हने, कोनाचं भांडं रिकामं परत द्याचं नही."